घरचा पोहण्याचा तलाव: मालकांनी आणि पाहुण्यांनी काय काळजी घ्यावी?

पिरंगुटकर

नमस्कार मंडळी,

पिरंगुटजवळ आमचे घर आहे आणि मागच्या अंगणात २८ बाय १४ फुटांचा पोहण्याचा तलाव आहे. उथळ बाजूला पाणी ४ फूट आणि खोल बाजूला साडेपाच फूट असते. यंदा गौरीजेवणाच्या दिवशी घरात लहानमोठी मिळून २७ माणसे होती. दुपारी आरती चालू असताना माझ्या भाच्याचा ४ वर्षांचा मुलगा दिवाणखान्याच्या सरकत्या दारातून एकटाच बाहेर गेला आणि तलावात पडला. झांजा आणि टाळ्या चालू होत्या. पाण्याचा आवाज कोणीही ऐकला नाही.

मंत्रपुष्पांजलीसाठी फुले कमी पडली म्हणून माझी धाकटी बहीण परडी घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली. तिला आधी पाण्यावर तरंगणारी जरीची टोपी दिसली आणि मग टोपीपासून दोन हातांवर मुलाचा चेहरा दिसला. मान मागे टाकलेली होती, तोंड पाण्याच्या रेषेवर होते, डोळे उघडे होते आणि गळ्यातून आवाज असा काहीच निघत नव्हता. तिच्या हाकेसरशी भाच्याने नेसत्या सोवळ्यानिशी उडी घेतली. पाणी त्याच्या छातीपर्यंतच होते. मुलाला वर काढल्यावर तो खोकला, ओकला आणि रडू लागला. रुग्णालयात एक रात्र देखरेखीखाली ठेवून दुसऱ्या दिवशी त्याला घरी सोडले.

त्या रात्री मी एकेकाला विचारत बसलो. मुलाच्या आईला वाटत होते की तो आजीजवळ आहे. आजीला वाटत होते की तो वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांबरोबर खेळतो आहे. मला वाटत होते की तो वडिलांच्या कडेवर आहे. घरात २७ माणसे असूनही त्या क्षणी मुलाकडे पाहण्याचे काम कोणा एकाचे नव्हते. तलाव बांधून आम्हाला ६ वर्षे झाली. या काळात आम्ही फरशी बदलली, दिवे बसवले, काठाने कर्दळी लावल्या, पण मुलाच्या आणि पाण्याच्या मध्ये एकही अडथळा उभा केला नाही. ही चूक पूर्णपणे माझी आहे.

आता कुंपण घालायचे ठरवले आहे. ज्यांच्या घरी तलाव आहे, किंवा जे अशा घरी पाहुणे म्हणून जातात, त्यांनी कृपया आपले अनुभव सविस्तर लिहावेत.

कोथरूडचा_अभियंता

मूल सुखरूप आहे हे वाचून जिवात जीव आला. कुंपणाबद्दल लिहितो, कारण त्यातल्या बारीकसारीक मापांवरच सगळे अवलंबून असते.

आपल्याकडे बहुतेक बंगल्यांना आवाराची भिंत असते आणि तेवढ्यावर मालकाचे समाधान होते. ती भिंत बाहेरच्या मुलाला अडवते, घरातल्या मुलाला नाही. कुंपण तलावाच्या चारही बाजूंनी हवे, आणि घराची भिंत ही त्यातली चौथी बाजू म्हणून मोजू नये, कारण त्या भिंतीलाच तुमचे सरकते दार आहे. उंची निदान ४ फूट असावी. उभ्या गजांमधली आणि जमिनीलगतची फट ४ इंचांपेक्षा कमी असावी. पाय ठेवून चढता येईल असे आडवे गज बाहेरच्या बाजूला नसावेत. फाटक तलावाच्या उलट दिशेला उघडावे आणि सोडून दिले की आपोआप बंद होऊन त्याची कडी आपोआप अडकावी. कडी जमिनीपासून साडेचार ते पाच फुटांवर घ्या. कुंपणाचे काम पूर्ण झाल्यावर त्याच्या बाहेरच्या बाजूने ३ फुटांच्या आत कुंडी, खुर्ची, पाण्याचा पिंप असे काहीही राहणार नाही हे पाहा, कारण चार वर्षांचे मूल प्लॅस्टिकची खुर्ची सहज ओढत नेते.

ऑस्ट्रेलियात घरगुती तलावाला १.२ मीटर उंचीचे कुंपण आवश्यक मानले जाते. फ्रान्सने २००३ साली कायदा करून खासगी तलावांना कुंपण, धोक्याची घंटा, आच्छादन किंवा छत यांपैकी एक तरी साधन सक्तीचे केले. आपण कायद्याची वाट न पाहता हे करू शकतो. माझ्या अंदाजाने तुमच्या तलावाच्या काठाने चालायला ४ फूट जागा सोडली, तर साधारण ११५ ते १२० रनिंग फूट कुंपण लागेल.

रम्य_बावधन

आमच्याकडेही तलाव आहे, पण लोखंडी कुंपण घातले तर घराची सगळी शोभा जाईल आणि अंगणाला पिंजऱ्याची कळा येईल, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. आम्ही सीसीटीव्ही लावला आहे, पाण्यात काही पडले की वाजणारे यंत्र बसवले आहे आणि वापर नसताना वर निळी ताडपत्री ओढतो. एवढे पुरेसे नाही का?

पिरंगुटकर

आमच्याकडेही सीसीटीव्ही होता. त्या दिवशीचे चित्रण मी एकदाच पाहिले. मूल काठावर उकिडवे बसते, पाण्यातल्या पानाला हात लावायला वाकते आणि दिसेनासे होते. कॅमेऱ्याने सगळे टिपले, पण पडद्यासमोर कोणी बसलेले नव्हते.

कोथरूडचा_अभियंता

रम्यताई, पाण्यातले यंत्र वाजते तेव्हा मूल पाण्यात पडलेले असते, त्यामुळे ते दुसरी फळी म्हणून ठेवा. ताडपत्रीचा मात्र मला धोकाच वाटतो. माणसाचे वजन पेलणारे आणि कडेने घट्ट बसणारे सुरक्षा आच्छादन वेगळे असते. सैल ताडपत्रीवर मुलाने पाय ठेवला तर ती खाली जाते, मूल तिच्यात गुंडाळले जाते आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. पावसाळ्यात तिच्यावर साचलेले वीतभर पाणीसुद्धा तान्ह्या मुलाला पुरेसे आहे. शोभेचा प्रश्न असेल तर कडक केलेल्या जाड काचेचे किंवा काढता-लावता येणाऱ्या जाळीचे कुंपण पाहा. काचेचा खर्च बराच जास्त येतो.

बालवैद्य

मी पुण्यात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. पिरंगुटकरांनी केलेले वर्णन प्रत्येक पालकाने दोनदा वाचावे. बुडणारा माणूस हात हलवून ओरडतो अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ज्याला श्वासच घेता येत नाही, त्याला हाक मारता येत नाही. तो पाण्यात उभा राहतो, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबतो, तोंड क्षणभर वर येते आणि पुन्हा खाली जाते. समोर धरलेली काठी किंवा रिंग पकडण्याइतके नियंत्रणही त्याला राहत नाही. ही अवस्था साधारण २० ते ६० सेकंद टिकते आणि लहान मुलांत त्याहूनही लवकर संपते. खेळणारी मुले आवाज करतात. पाण्यातले मूल एकदम गप्प झाले, तर त्याच क्षणी तिकडे पाहावे.

आता वर काढल्यानंतरचे. मुलाला उलटे टांगून फिरवणे किंवा पालथे घालून पोट दाबणे अजूनही सर्रास चालते. त्याने पोटातले अन्न वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि मोलाचा वेळ वाया जातो. मूल हाकेला प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर त्याला पाठीवर सपाट झोपवा, हनुवटी वर उचलून श्वासमार्ग मोकळा करा आणि प्रथम ५ श्वास तोंडाने द्या. बुडण्यात हृदय थांबते ते प्राणवायू न मिळाल्यामुळे, म्हणून येथे श्वासाला पहिले स्थान आहे आणि केवळ छाती दाबणे अपुरे पडते. त्यानंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे चक्र चालू ठेवा. दाबांचा वेग मिनिटाला १०० ते १२० असावा आणि लहान मुलाची छाती तिच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश दबली पाहिजे. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून चालू आहे, ती विनामूल्य आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. मदत पोहोचेपर्यंत थांबू नये.

वाचून हे हातात येत नाही. घरात तलाव आहे त्या घरातल्या निदान दोघांनी पुतळ्यावर सराव करून हे शिकून घ्यावे, आणि त्यातला एक जण रोज घरी असणारा असावा, म्हणजे स्वयंपाकाच्या मावशी किंवा माळीकाका असले तरी उत्तम.

शुद्धीवर आलेल्या मुलालाही रुग्णालयात न्यावे. फुप्फुसात थोडे पाणी गेले असेल तर काही तासांनी खोकला वाढणे, धाप लागणे, गुंगी येणे असे त्रास सुरू होऊ शकतात. तुमच्या नातवाला रात्रभर ठेवून घेतले ते योग्यच झाले.

विहिरीतला_पोहणारा

डॉक्टरांचे म्हणणे पटले. तरीही एक विचारतो. आम्ही सासवडकडची मुले. वडिलांनी कमरेला पत्र्याचा डबा बांधून आम्हाला विहिरीत ढकलले आणि आठ दिवसांत आम्ही पोहू लागलो. मुलांना लवकर पोहायला शिकवले तर कुंपणाची गरजच काय?

शिट्टीवाले_सर

मी २२ वर्षे पुण्यात मुलांना पोहायला शिकवतो. टिळक तलावावर मी स्वतः लहानपणी शिकलो. शिकवणे हे माझे पोटापाण्याचे काम आहे आणि प्रत्येक मुलाला पोहता आलेच पाहिजे असे मला मनापासून वाटते. तरीही सांगतो की पोहणे शिकलेले पाच वर्षांचे मूल कपड्यांनिशी, अनपेक्षितपणे, घाबरून पाण्यात पडले तर शिकलेले त्याला आठवेलच याची खात्री मी देणार नाही. उन्हाळ्याच्या २१ दिवसांच्या बॅचमध्ये चड्डी आणि चष्मा घालून, सरांसमोर, पायऱ्यांवरून उतरलेले मूल आणि झब्बा-सुरवार घालून तोल गेलेले मूल यांत फार अंतर आहे. भिजलेले सुती कपडे मोठ्यालाही जड जातात. विहिरीवर तुमचे वडील काठावर उभे होते आणि त्यांचे डोळे तुमच्यावरच होते, हेही लक्षात घ्या.

फुगवायच्या बाह्या, बदकाची ट्यूब, तरंगणारी गादी ही सगळी खेळणी आहेत. ट्यूब उलटली तर मुलाचे पाय वर आणि डोके खाली जाते. शिवाय या वस्तू तलावात तरंगत ठेवल्या की त्या काढायच्या मोहाने मूल काठाशी जाते, म्हणून पोहणे संपल्यावर खेळण्यासह सगळे उचलून ठेवावे. खात्रीचे साधन हवे असेल तर अंगावर घट्ट बसणारे योग्य मापाचे लाइफ जॅकेट घ्या, आणि तेव्हाही मूल हाताच्या अंतरावर ठेवा. मुलांचे पोहण्याचे कपडे भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या. फिकट निळा कपडा निळ्या फरशीवर दोन फूट पाण्याखाली दिसत नाही, हे मी रोज पाहतो.

मोठ्यांबद्दल दोन गोष्टी. पहिली म्हणजे घरगुती तलावात सूर मारू नये, मारू देऊ नये. डोके खाली करून उडी घ्यायला पाणी निदान ९ फूट खोल हवे, आणि घरच्या तलावांत ते बहुधा नसते. कपाळ तळाला आपटले की मानेचा मणका दुखावतो आणि चांगला धडधाकट तरुण गळ्याखाली कायमचा लुळा पडू शकतो. दुसरी म्हणजे पाण्याखाली दम धरण्याच्या पैजा. मुले आधी भराभर खोल श्वास घेतात आणि मग बुडी मारतात. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यायची ऊर्मी त्याच्यामुळेच येत असल्याने ती येण्याआधीच मेंदूला प्राणवायू कमी पडून शुद्ध हरपते. हे चांगल्या पोहणाऱ्यांच्याच बाबतीत घडते आणि वरून पाहणाऱ्याला पोरगा पैज जिंकतो आहे असे वाटत राहते. माझ्या बॅचमध्ये अशी पैज लावणाऱ्याला मी त्या दिवसापुरता बाहेर काढतो.

पवनाकाठची_यजमान

पवना धरणाजवळ आमचा बंगला आहे आणि शनिवार-रविवारी आम्ही तो भाड्याने देतो. पाहुण्यांच्या बाबतीत अवघड गोष्ट ही की घर त्यांना नवे असते. कोणते दार तलावाकडे उघडते, पाणी कुठे एकदम खोल होते, दिव्याचे बटण कुठे आहे, यातले त्यांना काहीच ठाऊक नसते. म्हणून चहा देण्याआधी मी सगळ्यांना मुलांसकट तलावाच्या चारही बाजूंनी फिरवते आणि खोली दाखवते. दोन्ही टोकांच्या फरशीवर मराठीत आणि इंग्रजीत खोली रंगवून घेतली आहे. काठावर १२ फुटांची हलकी दांडी आणि दोरी बांधलेली रिंग कायम टांगलेली असते.

रात्री ८ ते सकाळी ७ फाटकाला कुलूप असते आणि किल्ली माझ्याजवळ असते. दारू प्यायल्यावर पाण्यात उतरायचे नाही, हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवते. यावरून भांडणे झाली आहेत. एकदा पुण्याहून आलेल्या तरुणांच्या गटाने रात्री ११ वाजता कुलूप उघडण्याचा हट्ट धरला, तेव्हा मी पूर्ण पैसे परत केले, पण कुलूप उघडले नाही. माझ्या ओळखीच्या काही मालकांना हे कडक वाटते. मला तसे वाटत नाही.

ज्यांना पाहुणे म्हणून जायचे आहे त्यांनी बुकिंग करतानाच तलावाला कुंपण आहे का, हे विचारावे. प्रश्नाला उत्तर देताना मालक टाळाटाळ करत असेल तर मुलांना घेऊन तेथे जाऊ नये.

सदाशिवपेठी_आजी

माझे बालपण वाड्यात गेले. पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून आणलेले नळाचे पाणी पेठांतल्या हौदांत येत असे, आणि आमच्या वाड्यातही तसा एक हौद होता. त्याला झाकण नव्हते. दुपारी बायका निजल्या की थोरल्या आत्याबाई जपमाळ घेऊन हौदाच्या पायरीवर बसत. ते त्यांचे नेमून दिलेले काम होते, आणि त्यांना उठायचे झाले तर त्या दुसरीला हाक मारून बसवल्याशिवाय उठत नसत. पिरंगुटकरांच्या घरी त्या दिवशी अशी पायरीवर बसणारी कोणी नव्हती.

ज्यांच्याकडे पोहण्याचा तलाव नाही त्यांनीही आपल्या जमिनीखालच्या टाकीचे झाकण, गच्चीतली टाकी आणि न्हाणीघरातली भरलेली बादली पाहावी. रांगते मूल बादलीत डोके खाली करून पडले तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही.

पिरंगुटकर

आजी, तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला आणि लगेच अमलात आणला. आमच्याकडे आता लाल फितीत ओवलेली शिट्टी आहे. कोणीही पाण्यात असेल तेव्हा ती एका जाणत्या, पोहता येणाऱ्या माणसाच्या गळ्यात असते, आणि त्या माणसाचा मोबाईल दुसऱ्याच्या हातात असतो. तो वाचत नाही, ताट वाढत नाही, पत्ते खेळत नाही. पंधरा मिनिटांनी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घालताना "आता तुझे लक्ष" असे तोंडाने म्हणायचे आणि समोरच्याने "हो, माझे" म्हटल्यावरच उठायचे, असा नियम केला आहे. पाण्यात कोणी नसेल तेव्हाही, लहान मुले घरात असतील तर एक माणूस त्यांच्यासाठी नेमलेला असतो, कारण आमचा अपघात पोहण्याच्या वेळेत झालाच नव्हता.

पंपघर

तलावांची देखभाल आणि वीजजोडणी हा माझा व्यवसाय आहे. काठावरच्या गोष्टी येथे चांगल्या आल्या आहेत, म्हणून मी पाण्याखालच्या आणि पंपाच्या खोलीतल्या सांगतो.

तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो. तळाला एकच जाळी असेल आणि तिचे झाकण तुटलेले किंवा सपाट असेल, तर त्यावर अंग बसले की सगळी ओढ एका जागी येते आणि मोठ्या माणसालाही मूल सोडवता येत नाही. लांब केसही असेच अडकतात. अमेरिकेत जून २००२ मध्ये ग्रेम बेकर ही ७ वर्षांची मुलगी गरम पाण्याच्या कुंडात अशा ओढीने तळाशी अडकून मरण पावली. तिला पोहता येत होते. तिच्या आईने सोडवायचा प्रयत्न केला, पण जमले नाही. तिच्या नावाने तेथे डिसेंबर २००७ मध्ये कायदा झाला आणि सार्वजनिक तलावांना सुरक्षित झाकणे सक्तीची झाली. आपल्या तलावात एकमेकींपासून निदान ३ फुटांवर दोन जाळ्या असाव्यात आणि त्यांची झाकणे घुमटाकार, स्क्रूने घट्ट बसवलेली असावीत. झाकण निघालेले दिसले की ते बसेपर्यंत पाण्यात कोणीही उतरू नये. पंपाचे बटण कोणते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असावे आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असावे.

विजेबद्दल. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आणि वेगळ्या ट्रान्सफॉर्मरवरचेच हवेत. तलावाच्या सगळ्या जोडणीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, हवा आणि त्याचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो ना, हे पाहावे. अनेक फार्महाऊसवर मला एक चूक दिसते. महावितरणच्या पुरवठ्याला आरसीसीबी असतो, पण वीज गेल्यावर इन्व्हर्टर किंवा जनरेटरवर येणारी लाइन त्याला वळसा घालून जाते. आपल्या वायरमनला हे मुद्दाम विचारा. दिवाळीत काठाने माळा सोडू नयेत. पाण्यातल्या माणसाला झटका बसला आहे असे वाटले तर उडी न मारता आधी मुख्य स्विच बंद करावा.

रसायनांत सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो. टीसीसीए ९० हे क्लोरीनचे रसायन आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात किंवा एकाच मापाने कधीही हाताळू नयेत, कारण ती एकत्र आल्यास पेट घेऊ शकतात. ॲसिड क्लोरीनच्या रसायनाशी मिसळले तर विषारी वायू सुटतो. रसायन पाण्यात घालायचे असते, रसायनावर पाणी ओतायचे नसते. मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. पावसाळ्यात पाणी गढूळ किंवा हिरवट झाले आणि काठावरून तळाची जाळी स्पष्ट दिसत नसेल तर तलाव बंद ठेवा. अशा पाण्यात तळाला गेलेले मूल शोधताना हाताने चाचपावे लागते.

रम्य_बावधन

हा सगळा धागा घरी वाचून दाखवला. तळाला एकच जाळी आहे आणि तिचा एक स्क्रू नाही, हे आज पहिल्यांदा पाहिले. दुसरी जाळी बसेपर्यंत पंपघर यांच्या सांगण्याप्रमाणे तलाव बंद ठेवला आहे. काढता-लावता येणाऱ्या जाळीच्या कुंपणाचे माप घ्यायला उद्या माणूस येणार आहे. ताडपत्री आजच काढून टाकली. पिरंगुटकर, तुमचे काम झाले का? आपोआप बंद होणारे फाटक खरोखर प्रत्येक वेळी बंद होते का?

पिरंगुटकर

कुंपण दोन आठवड्यांपूर्वी पूर्ण झाले. ११८ फूट भरले. फाटक पूर्ण उघडून सोडले तर पहिल्या दिवसापासून नीट बंद होत होते, पण दोन इंच उघडून सोडले तर कडीपर्यंत येऊन टेकायचे आणि अडकायचे नाही. वेग कमी असल्यामुळे असे होत होते. मुले फाटक पूर्ण उघडत नाहीत, किलकिले करून अंग आत घालतात, म्हणून ही दोन इंचांची चाचणी जरूर करा. बिजागरीची स्प्रिंग एक पेच आवळल्यावर ते जमले. परवाच्या पावसानंतर खांब किंचित कलला आणि पुन्हा तेच झाले, तेव्हा खांबाच्या पायात आणखी काँक्रीट भरून घेतले. आता दर महिन्याच्या १ तारखेला आरसीसीबीचे बटण दाबतो तेव्हाच फाटकही पूर्ण, अर्धे आणि दोन इंच असे तीनदा सोडून पाहतो. सरकत्या दारालाही वरच्या बाजूला कडी बसवली आहे. भाच्याचा मुलगा रविवारी आला होता. त्याने कुंपणाचे गज दोन्ही हातांनी धरले, थोडा वेळ पाण्याकडे पाहिले आणि मग माझ्या गळ्यातली शिट्टी मागितली.